उलटी रेघ आणि पाण्याचा इशारा

माझा धंदा काय, असं कोणी विचारलं की मी सांगते, संगणकाने मराठीची जी नासाडी केलेली असते ती मी निस्तरते. लोकांना वाटतं मी शुद्धलेखन तपासते. तसं असतं तर डोकं थंड राहिलं असतं आणि केसही एवढ्या लवकर पांढरे झाले नसते.

अकोल्यात जठारपेठेत खाली चष्म्याचं दुकान आहे, त्याच्या वरच्या खोलीत मी बसते. आधी लग्नपत्रिका आणि स्मरणिका जुळवायचे. मग पायथन नावाची संगणकाची एक भाषा शिकले. चार-सहा ओळींत छोटी कामं उरकून देणारी, सरळ स्वभावाची भाषा आहे. तिच्यावर माझं आजवर पोट चाललं. संपादकांनी फोनवर बजावलं, ‘मॅडम, दिवाळी आहे, हलकंफुलकं लिहा, तुमची गमतीदार गिऱ्हाइकं येऊ द्या.’ तर ती आधी उरकते, म्हणजे मला जे लिहायचं आहे त्याकडे वळता येईल.

हिवरखेडचे एक बी-बियाणेवाले पेनड्राइव्ह रुमालात बांधून घेऊन आले होते. रुमाल टेबलावर ठेवला आणि स्वतः दोन पावलं मागे सरकले. ‘ताई, याच्यात काईतरी शिरलं. माया समद्या गिऱ्हाइकाची नावं खाऊन टाकली त्यानं.’ उघडून बघितलं तर नावं जागच्या जागी होती, फक्त संगणकी वेशात होती. अर्ध्या तासात सगळी माणसात आणून दिली. तरी ते जाताना विचारून गेले की घरी काही नारळ वगैरे फोडावा लागेल का.

दुसरे सेमाडोहचे. जंगल बघायला येणाऱ्यांना घरी उतरवून घेतात. वेबसाइटवर जेवणाची पाटी टाकली होती आणि तीत भाकरीच्या शेजारी उमटलं होतं \u091d\u0941\u0923\u0915\u093e. बाहेरच्या एका पाहुण्याने आधीच कळवलं, की हा पदार्थ जंगली प्राण्याचा असेल तर आम्हाला नको. तो बिचारा झुणका होता.

हे असं का होतं ते सांगते, फार कठीण नाही. संगणकाच्या पोटात प्रत्येक अक्षराला एक क्रमांक असतो. काही प्रोग्रामांना वाटतं की आपल्या हातून फक्त इंग्रजी अक्षरंच सुखरूप जातील. म्हणून मराठी अक्षर पुढे पाठवताना ते त्याच्या जागी एक उलटी तिरकी रेघ, मग u आणि मग तो क्रमांक असं लिहितात. उलटी रेघ म्हणजे पुढच्याला दिलेली सूचना, की बाबा, यानंतरचं जसंच्या तसं वाचू नकोस, याचं अक्षर करून घे. ‘नदी’ हा शब्द \u0928\u0926\u0940 असा प्रवासाला निघतो आणि पलीकडच्या प्रोग्रामाने त्याची पुन्हा ‘नदी’ करायची असते. काचेची बरणी कागदात गुंडाळून पाठवावी तसा हा प्रकार. मुक्कामाला पोचल्यावर कागद काढणं हे घेणाऱ्याचं काम. ते त्याने केलं नाही की लोक माझा जिना चढतात.

झाल्या गमती. आता सुलोचनाबाईंचं सांगते.

सुलोचनाबाई आमच्या गल्लीच्या तोंडाशी टरबूज-खरबुजांची गाडी लावतात. माल घरचा. आमच्याकडे थंडी सरता सरता नदीचं पात्र उघडं पडतं, तेव्हा काही घरं गावातून उठून थेट वाळूत जाऊन राहतात. वाळूत चर खणायचे, खाली ओल लागेपर्यंत, त्यात शेणखत भरून बी टोचायचं, वेल लहान असेतो घागरीने पाणी घालायचं. याला डांगरवाडी म्हणतात. पळसाच्या फांद्यांची खोपडी करून म्हाताऱ्याकोताऱ्यांसकट सगळं घर तिथे उन्हाळा काढतं. नदीचं नाव लिहीत नाही आणि पुढे येणाऱ्या कार्यालयाचंही नाही. संपादकांना त्रास नको. रागावर मात्र पांघरूण घालणार नाही.

भर उन्हाळ्यात वरच्या धरणातून खालच्या गावांना प्यायला पाणी सोडतात. वाडीवाल्यांना ते ठाऊक असतं. पूर्वी आदल्या दिवशी दवंडी यायची, कोतवाल काठावरून ओरडून जायचा. त्यात सुधारणा झाली. एका कंपनीला काम दिलं, सगळ्यांचे मोबाइल नंबर गोळा केले, आणि दवंडी बंद झाली. इशारा आता फोनवर येणार, मराठीत येणार, असं फलकावर छापून लावलं.

त्या उन्हाळ्यात पहिलं पाणी आलं ते सकाळी, बायका वेलींना पाणी घालत होत्या तेव्हा. सुलोचनाबाईंची वाडी सखल जागी होती. माणसं धावत काठावर आली, सासऱ्यांना खाटेसकट उचललं, मागे वळून बघेपर्यंत वेल, खोपडी, भांडी काही उरलं नव्हतं. पेपरात बातमी आली, ‘इशारा देऊनही ग्रामस्थ नदीपात्रात’. ती मी वाचली होती आणि लाजेने सांगते, वाचून पान उलटलं होतं.

पुढच्या आठवड्यात दुपारी सुलोचनाबाई वर आल्या. गाडीवर आता बाजारातून विकत घेतलेला माल होता. हातात फोन.

‘ताई, हे पायजा बरं. माया फोन हॅक झाला वाटते. फ्रॉडवाले मांगं लागले. त्या दिशीबी असंच आलतं, आता परत आलं.’

स्क्रीनवर उलट्या रेघांची पलटण होती. खाली मात्र एका सरकारी कार्यालयाचं नाव, स्वच्छ मराठीत.

‘पहिला मेसेज कुठे आहे?’ मी विचारलं.

‘मिटवला न. आमच्या समद्यायनं मिटवला. ब्यांकवाल्या साहेबानं गावात मीटिंग घेतली होती, त्यानं सांगतलं की असं आकड्याचं काई आलं का हातच नाई लावाचा. खाली सरकारचं नाव असलं तं समजून जा का पक्का चोर हाये.’

गावाने शहाणपणा केला होता. शिकवल्याप्रमाणे, एकजात सगळ्यांनी, चोराचा समजून धरणाचा इशारा पुसून टाकला होता.

मेसेज माझ्या संगणकावर घेतला. बघते तर फोनवर पोचूनही प्रत्येक अक्षरावर एक कागद शिल्लकच. म्हणजे काय झालं होतं ते लगेच कळलं. कंपनीच्या एका प्रोग्रामाने मराठी मजकूर कागदात गुंडाळला. पुढच्या प्रोग्रामाला वाटलं हा उघडाच आहे, त्याने त्यावर आणखी एक कागद चढवला, आधीच्या प्रत्येक रेघेला संरक्षण म्हणून वर दुसरी रेघ दिली. फोनवर टाकताना कागद सोडला एकच, आतला तसाच राहिला; कार्यालयाचं नाव शेवटी वेगळं जोडलेलं, म्हणून ते बचावलं. कुणाच्या डोळ्यांना हे दिसलं नाही, कारण कुणी बघितलंच नव्हतं.

हे उलगडायला पायथनमध्ये एक तयार आज्ञा आहे. घाईत मी तीच चालवली आणि चांगलीच तोंडघशी पडले. ती आज्ञा समोर आलेलं सगळंच गुंडाळलेलं आहे असं धरून चालते. मधला मजकूर उलगडला, पण खाली जे कार्यालयाचं नाव आधीच धड मराठीत होतं त्याच्या चिंध्या झाल्या. सुलोचनाबाई माझ्या खांद्यावरून वाचत होत्या.

‘बाप्पा! खालचं तं पार बिघडलं. मी म्हनत नव्हती का, चोरच हाये थो.’

‘थांबा जरा,’ मी म्हटलं, आणि नीट बसले. प्रोग्रामाला सांगितलं की जिथे उलटी रेघ, u आणि मागोमाग चार खुणांचा क्रमांक दिसेल तेवढ्यालाच हात लाव, बाकी जसं आहे तसं राहू दे. तीन-चार ओळींचं काम. बटण दाबलं.

‘उद्या सकाळी सहा वाजता धरणातून नदीपात्रात पाणी सोडण्यात येणार आहे. पात्रातील सर्वांनी आजच बाहेर पडावे. जनावरे व साहित्य काठावर न्यावे.’ खाली कार्यालयाचं नाव, शाबूत.

सुलोचनाबाई चौथी शिकलेल्या आहेत. टरबुजांखाली अंथरायला आणलेला पेपर आधी वाचून मग अंथरतात. त्यांनी ते वाक्य बोट ठेवून वाचलं, परत वाचलं, आणि खुर्चीवर बसल्या.

‘एवढंच लिवलं होतं?’ त्या म्हणाल्या. ‘त्या दिशीबी एवढंच लिवलं असन? हे तं मले वाचता येते, ताई.’

माझ्या अंगाचा तिळपापड झाला होता, पण रागवायला समोर फक्त त्याच होत्या.

‘आत्ता वाळूत कोण कोण आहे?’ मी विचारलं.

त्यांचा चेहराच उतरला. त्यांची वाडी गेली होती, पण धाकटा दीर गजानन उंचवट्यावर होता, त्याची वाचली होती. खालच्या अंगाला आणखीही घरं होती. पहिलं पाणी त्यांच्या बांधाला चाटून गेलं, म्हणून ते निर्धास्त होते. या वेळचं पाणी जास्त सुटणार हे आम्हाला मागाहून कळलं.

त्यांनी तिथूनच फोन लावला. रेंज येई-जाई. दिराचा आवाज मला ऐकू येत होता.

‘कोन सांगतलं वहिनी? कंप्युटरवालीनं? मायाबी फोनवर आलं थे, मी मिटवलं. तिले काय समजते नदीचं? माल आठ दिसात तयार होते, आता कोठी घेऊन जाऊ?’

‘गजू, मी सोता वाचलं! माया डोयानं! सासऱ्याले घेऊन पयली मी पळाली, तू नाई. तू निंग तथून, नाई तं मी येऊन वढून नेतो तुले!’

तो निघाला. मग त्याच्याकडून पुढच्या वाडीला, तिथून त्याच्या पुढच्या वाडीला, फोन आणि आरोळ्या. ज्यांचा फोन लागेना त्यांच्याकडे गजाननची बायको वाळूतून चालत गेली. दिवस मावळायच्या आत सगळे काठावर होते, आणि जो माल थोडाफार पिकला होता तो उतरवून झाला होता.

सकाळी मी गेले होते. पाणी आलं तेव्हा मोठा आवाजबिवाज नाही. वाळू काळी पडत गेली, मग उंचवट्याचा तुकडा चहूकडून वेगळा झाला, आणि खोपडी जराशी हलून सरळ वाहत निघाली. काठावर कोणी रडलं नाही. गजानन मला म्हणाला, ‘ताई, काल उलटं बोललो, मनावर घेऊ नका.’ त्याच्या पायाशी त्याचा पोरगा ताटलीत शिळी भाकर खात बसला होता. तो पोरगा तिथे परवाच्या रात्रीपर्यंत झोपत होता, त्या वाहून गेलेल्या खोपडीत. एवढं दिसल्यावर ज्याला राग येणार नाही त्याने आपली नाडी तपासून घ्यावी.

दोन दिवसांनी मी आणि सुलोचनाबाई त्या कार्यालयात गेलो. मला वाटलं होतं धावपळ होईल, कुणीतरी शरमेने मान खाली घालेल. साहेबांनी चहा मागवला. प्रसन्न होते.

‘मॅडम, उलट अभिनंदन करा आमचं! पहिल्या वेळी लोकांनी मेसेज वाचला नाही, अडाणी लोक, काय करणार. या वेळी इशारा दिला आणि सगळं पात्र रिकामं. शंभर टक्के. वर अहवाल गेला आमचा.’

सुलोचनाबाई माझ्याकडे बघू लागल्या. मी बाईंचा फोन साहेबांपुढे धरला. ‘साहेब, हा तो इशारा. वाचा.’

साहेबांनी चष्मा वर केला, खाली केला. ‘हे काय आहे?’

‘तुमचा मराठी संदेश.’

त्यांनी कंपनीच्या माणसाला फोन लावून स्पीकरवर ठेवला. आवाज तरुण, गोड, वातानुकूलित. ‘मॅडम, आमच्याकडे सगळे संदेश पोहोचल्याचं दिसतंय. हिरवी खूण आहे. आणि सिस्टम टेस्टेड आहे. आत्ता पाठवून दाखवू का?’ त्याने सुलोचनाबाईंच्या नंबरवर पाठवलं. टिंग वाजलं. स्क्रीनवर इंग्रजीत लखलखीत लिहिलं होतं, टेस्ट.

तेव्हा मला सगळं समजलं आणि मस्तकात तिडीक गेली. इंग्रजी अक्षरांना गुंडाळावंच लागत नाही. ती दहा वेळा पाठवा, दहा वेळा धड पोचतील. या लोकांनी अख्खी यंत्रणा इंग्रजीत तपासली होती आणि मराठी माणसांच्या गळ्यात बांधली होती.

‘आता हेच मराठीत पाठवा,’ मी म्हटलं. ‘एकच शब्द. नदी.’

पलीकडून उत्तर आलं, ‘मॅडम, माझ्याकडे मराठी टायपिंग नाहीये.’

मी त्याला दोष कुठे आहे ते सांगितलं. म्हटलं, उलगडत बसायचीही गरज नाही, तुमचा दुसरा प्रोग्राम जो फुकटचा कागद चढवतो तो चढवू नका, एक ओळ काढून टाका, मी लिहून पाठवते. तो म्हणाला, ‘नक्की पाठवा, पण मॅडम, प्रॉब्लेम असता तर या वेळी लोक वेळेत बाहेर कसे पडले असते?’ साहेबांनी मान डोलावली. त्यांना तो मुद्दा फार पटला.

‘लोक या बाईंच्या फोनमुळे बाहेर पडले!’

‘कुठल्या का कारणाने असेना,’ साहेब म्हणाले. ‘पडले ना? मग झालं तर. आता तुमचं हे लिहून घेतलं, तर पहिल्या वेळचंही सगळं उकरावं लागेल. कशाला?’

खरं कारण ते होतं. दोष मान्य केला की पहिल्या पाण्याचं खापर फोडायला अडाणी लोक पुरत नाहीत, दुसरं कोणीतरी लागतं. उठताना सुलोचनाबाई म्हणाल्या, ‘साहेब, मी अडानी नाई. मले वाचता येते. तुमी लिवतच नाई वाचासारखं.’ साहेब हसले. त्यांना ते विनोदी वाटलं असावं. मी पण त्या दिवशी सभ्यपणे नमस्कार करून बाहेर पडले, आणि या धंद्यात मला कशाची खंत असेल तर त्या नमस्काराची आहे. तो चहा तरी टेबलावर सांडून यायला हवं होतं.

दुरुस्ती लिहून पाठवली. पत्र पोचल्याची पावती आली. स्मरणपत्र पाठवलं, त्याचीही आली. मग कळवण्यात आलं की या विषयावर कोणतीही तक्रार प्रलंबित नाही, यंत्रणा यशस्वी असून ती आणखी नद्यांवर लावण्याचा विचार आहे. अमरावतीला एका कार्यक्रमात तिला प्रशस्तिपत्रक मिळाल्याचा फोटोही मी बघितला. साहेबांच्या गळ्यात शाल होती.

आता तुम्ही म्हणाल, लोकांना सांगून टाका की उलट्या रेघा दिसल्या की बाहेर पडा. सांगून बघितलं. पण त्याच नंबरवरून लसीकरणाचं येतं, शिबिराचं येतं, पाणी सोडणं पुढे ढकलल्याचं येतं, सगळं त्याच वेशात. दर वेळी अख्खी वाडी उचलून काठावर न्यायची म्हटलं तर पीक घ्यायलाच नको. तेव्हा झालं असं, की गावाने आपली व्यवस्था स्वतःच लावून घेतली. मेसेज आला की कोणीही एकजण तो मला पाठवतो. मी उलगडते आणि सुलोचनाबाईंना सांगते. त्या वाळूत फोन फिरवतात. माझ्या संगणकावर त्या चार ओळी कायम उघड्या असतात. धरण आणि नदीपात्र यांच्या मध्ये, कोट्यवधींच्या यंत्रणेच्या जागी, चष्म्याच्या दुकानावर बसलेली मी एक बाई आहे. मला ताप आला तर? संगणक बिघडला तर? वीज तर आमच्याकडे रोजच जाते. माझी लेक किती वर्षं बोलावते आहे, आई, चार दिवस ये. उन्हाळ्यात मी अकोला सोडू शकत नाही, आणि हे कुठल्याही अहवालात लिहिलेलं नाही.

यंदा थंडी ओसरायला लागली तशा सुलोचनाबाई वर आल्या. हातात फोन नव्हता. दारातच उभ्या राहिल्या.

‘ताई, यंदा वाडी लावाची म्हनतो. सखल जागाच भेटली परत. तुमी हाये ना उनायाभर अकोल्यात? कोठी जानार असान तं अगोदर सांगजा. मंग आमी लेकरं घेऊन वाळूत नाई झोपत.’

‘मी कुठे जाणार आहे!’ मी म्हटलं. आवाज जरा जास्तच चढला. खालच्या दुकानातल्या माणसाने जिन्याकडे मान वळवून पाहिलं.

सुलोचनाबाई एक पायरी खाली उतरल्या. ‘रागावू नका ताई,’ त्या म्हणाल्या. ‘मी निस्तं इचारलं.’